राक्षस कोण, हे ठरवतं कोण? काल्पनिक सिनेमे आणि कथा वर्णद्वेषाबद्दल काय सांगतात

वाशी रेल्वे स्टेशनच्या बाहेर, मॉलच्या आसपास, सेक्टर ३०-अ मध्ये निरनिराळ्या राज्यांची भवनं आहेत. आसाम, मिझोराम, अरुणाचल प्रदेश. सरकारी कामासाठी आलेली माणसं इथे उतरतात, तसेच टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईकही. दिल्ली असो, बंगळुरू असो की मुंबई, ईशान्येतल्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : 'तुम्ही कुठले? नेपाळ? चायना?' कोव्हिडच्या सुरुवातीला तर त्यांना 'कोरोना' म्हणून हिणवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सगळ्या राज्यांना पत्र पाठवून हे थांबवा म्हणून सांगावं लागलं.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, 'भेडिया' नावाचा हिंदी सिनेमा आला. वरुण धवनचा हिरो अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायचं कंत्राट घेऊन दिल्लीहून जातो, त्याला लांडगा चावतो आणि रात्री त्याचाच लांडगा व्हायला लागतो. भरपूर विनोद, बरी भीती, पॉपकॉर्न खात बघायचा सिनेमा. पण त्यात जोमिन नावाचा अरुणाचली मित्र आहे. पालिन काबाक या अरुणाचलच्याच कलाकाराने तो केलाय. बाकीचे मित्र त्याच्या दिसण्यावरून, बोलण्यावरून टिंगल करत राहतात. थिएटर हसतं. मग जोमिन एकदा थांबून सांगतो की हे त्याला लागतं, आणि हसणाऱ्यांची पंचाईत होते.

त्याच वर्षी अनुभव सिन्हाचा 'अनेक' आला होता. ईशान्य भारत, तिथलं राजकारण, तिथल्या माणसांना मिळणारी परकेपणाची वागणूक हाच त्याचा विषय. सिनेमा गंभीर होता आणि फार चालला नाही. लांडग्याच्या सिनेमाला मात्र जास्त लोक गेले. जी गोष्ट सरळ सांगितली तर प्रेक्षक येत नाही, ती भुताखेतांच्या, परग्रहवासीयांच्या, बोलणाऱ्या प्राण्यांच्या वेषात कशी पोहोचते? आणि त्या वेषात ती बिघडते कधी?

खोटं जग कशाला लागतं?

सोपं कारण असं की खऱ्या जगात प्रेक्षक आधीपासूनच कुठल्या तरी बाजूला असतो. 'जात' म्हटलं की आरक्षण आठवतं, 'धर्म' म्हटलं की निवडणूक, 'भाडेकरू' म्हटलं की सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. पण ससा आणि कोल्हा यांच्या भांडणात आपली बाजू अजून ठरलेली नसते.

डिस्नेचा २०१६ चा 'झूटोपिया' बघा. शिकार करणारे आणि शिकार होणारे प्राणी आता एकाच शहरात गुण्यागोविंदाने राहतात. ज्युडी ही ससुली पोलिसात भरती होते. निक हा कोल्हा हत्तींच्या आइस्क्रीम पार्लरमध्ये जातो, तर मालक त्याला माल द्यायला नकार देतो : कुणाला सेवा द्यायची हा आमचा हक्क आहे. लहानपणी निक स्काउटमध्ये जायला उत्सुक असतो, तर बाकीची पोरं त्याला पकडून तोंडाला मुसकं बांधतात. हे बघताना सात वर्षांच्या मुलालाही कोल्ह्याची दया येते. जातीवरून घर नाकारण्याबद्दल त्याच मुलाच्या आईबाबांशी बोलायला गेलं, तर 'त्याचं असं असतं ना' पासून सुरुवात होईल.

या सिनेमातली सगळ्यात धीट गोष्ट वेगळीच आहे. ज्युडी चांगली आहे, निकची मैत्रीण आहे. पत्रकार परिषदेत तीच सहज बोलून जाते, की शिकारी प्राणी हिंस्र होतायत त्याचं कारण त्यांच्या रक्तात असू शकतं. आणि घरून निघताना आईबाबांनी दिलेला कोल्ह्यावर मारायचा फवारा इतके दिवस तिच्याच कमरेला असतो. सिनेमातला खलनायक सांगत नाही, नायिका सांगते.

हाच मुद्दा जॉर्डन पीलने 'गेट आउट' (२०१७) मध्ये प्रौढांसाठी मांडला. ख्रिस हा कृष्णवर्णीय फोटोग्राफर गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला जातो. घरात कुणी शिवी देत नाही. उलट वडील आवर्जून सांगतात, की संधी असती तर ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिलं असतं. पाहुणे ख्रिसच्या शरीरयष्टीचं कौतुक करतात. हळूहळू कळतं की त्यांना ख्रिस नकोय, त्याचं शरीर हवंय, आणि पुढे सिनेमा अक्षरशः मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत जातो. पीलला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय लेखक.

शस्त्रक्रिया अमेरिकेतली. पण ती गोड भाषा नवी मुंबईत, ठाण्यात, पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या अनेकांच्या ओळखीची आहे. 'आमचं काही नाही हो, पण कमिटीला चालत नाही.' 'तुम्ही चांगलेच आहात, पण शेजारी शुद्ध शाकाहारी आहेत.' फोनवर फ्लॅट रिकामा असतो, आडनाव सांगितलं की तो कालच गेलेला असतो. अशा वेळी नकार देणारा माणूस स्वतःला वाईट समजत नाही. 'गेट आउट'ची भीती याच जागी आहे.

पण राक्षस खरंच चावत असेल तर?

आता या सगळ्यातली मोठी गडबड. कोल्हा खरोखर ससा खाणारा प्राणी आहे. लांडगा खरोखर चावतो. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'एक्स-मेन' कॉमिक सुरू केलं. त्यातल्या म्युटंट लोकांना समाज घाबरतो, त्यांचा छळ होतो आणि वाचकाला त्यात भेदभाव सहन करणारा कुठलाही समूह दिसू शकतो. पण त्या म्युटंटपैकी कुणाच्या डोळ्यांतून भिंत फोडणारे किरण निघतात, कुणी शहराचं हवामान बदलू शकतं. अशांना समाज घाबरला तर ती भीती अगदीच निराधार नाही. खऱ्या जगात मात्र दलित, मुस्लिम, मणिपुरी किंवा नायजेरियन माणसाच्या डोळ्यांतून काही निघत नाही. भेदभाव झालेल्याला दैत्य म्हणून दाखवणारी गोष्ट नकळत असं सुचवते, की भीतीला काहीतरी कारण होतं. समीक्षक 'झूटोपिया'वर हाच आक्षेप घेत आलेत, आणि तो रास्त आहे.

'भेडिया' यातून बऱ्यापैकी सुटतो, कारण तिथे पशू होतो तो बाहेरून जंगल तोडायला आलेला माणूस. स्थानिक अरुणाचली नाही.

'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) मात्र सुटत नाही. नील ब्लॉमकॅम्पचा हा सिनेमा तसा जबरदस्त आहे. जोहान्सबर्गवर परग्रहवासीयांचं यान येऊन अडकतं, त्यांना झोपडपट्टीत कोंडलं जातं, त्यांना 'प्रॉन' म्हणजे कोळंबी म्हणून हिणवलं जातं आणि मग तिथून त्यांना हुसकवायला कागदांवर सह्या घेतल्या जातात. नावामागे खरा इतिहास आहे. केपटाउनमधला 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा भाग वर्णभेदी सरकारने १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि पुढे ६० हजारांहून जास्त लोकांना तिथून काढलं. एवढं सगळं नीट समजलेल्या दिग्दर्शकाने त्याच सिनेमात नायजेरियन लोक मात्र गुंड, जादूटोणा करणारे आणि परग्रहवासीयांचं मांस खाणारे दाखवले. नायजेरियाच्या सरकारने उघड निषेध केला आणि आपल्या थिएटरांना सिनेमा उतरवायला सांगितलं. वर्णद्वेषाविरुद्धच्या सिनेमात वर्णद्वेष शिरला, तो परग्रहवासीयांच्या नाही तर खऱ्या माणसांच्या चित्रणात. वसई-विरारपासून नवी मुंबईपर्यंत कुठल्याही आफ्रिकन माणसाला सरसकट 'नायजेरियन' म्हणणाऱ्या आणि पाठोपाठ 'ड्रग्ज' हा शब्द जोडणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकलं असेल, असं वाटत नाही.

जुन्या गोष्टींत तर हे आणखी उघड आहे. टोल्किन यांनी एका पत्रात आपल्या दुष्ट ऑर्क मंडळींचं रूप समजावताना मंगोल वंशाच्या चेहऱ्याची उपमा दिली होती. म्हणजे इंग्लंडमध्ये बसून एका भल्या प्राध्यापकाने कुरूपतेसाठी जो चेहरा निवडला, तो वाशीच्या त्या भवनांसमोर रिक्षा शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याच्या जवळचा आहे. २०२२ मध्ये त्याच जगावरच्या 'रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेत कृष्णवर्णीय कलाकार एल्फ आणि बुटक्यांच्या भूमिकेत आले, तेव्हा चाहत्यांतल्या एका गटाने कलाकारांवर इतकं घाणेरडं लिहिलं, की मालिकेच्या निर्मात्यांना जाहीर निवेदन काढावं लागलं. ड्रॅगन चालतात, टोकदार कान चालतात, काळी त्वचा 'अवास्तव' वाटते.

आपल्याकडे वंश की जात?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जात म्हणजे वंश नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्य नावाचा वेगळा वंश बाहेरून आला आणि त्याने इथल्यांना जिंकून शूद्र केलं, हा सिद्धान्त पुराव्यानिशी खोडून काढला. २००१ मध्ये डर्बनला वर्णद्वेषाविरोधी जागतिक परिषद झाली, तेव्हा जातीचा विषय तिथे यावा म्हणून दलित संघटनांनी जोर लावला आणि भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे म्हणत विरोध केला. शब्द एकच होता, आंबेडकरांचा हेतू आणि सरकारचा हेतू मात्र अगदी वेगळा.

तरीही जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं दोन्हीकडे आहे. म्हणून आपल्याकडचे काल्पनिक सिनेमे वर्णद्वेषाबद्दल बोलायला गेले की पाऊल जातीत आणि धर्मातच पडतं. प्रयाग अकबर यांच्या २०१७ च्या 'लैला' कादंबरीत आणि तिच्यावरच्या २०१९ च्या नेटफ्लिक्स मालिकेत भविष्यातलं शहर भिंतींनी विभागलंय. प्रत्येक समाजाची वस्ती वेगळी आणि 'शुद्धता' हा कायदा. दुसऱ्या धर्मात लग्न केलेल्या आईपासून मुलगी हिरावली जाते. सगळ्यात अंगावर येतं ते हे, की त्यात नवं तंत्रज्ञान फार कमी आहे. फक्त आज तोंडी असलेले नियम तिथे भिंतीवर लिहिलेत.

मल्याळममध्ये २०२४ ला आलेला 'ब्रमयुगम' मागे, सतराव्या शतकात जातो. गुलामीतून पळालेला खालच्या जातीचा गायक एका पडक्या वाड्यात आसरा घेतो आणि वाड्याचा मालक, म्हणजे मामूट्टी, त्याला परत जाऊ देत नाही. कृष्णधवल पडदा, दोन-तीन माणसं, सतत पाऊस. जेवायला घालणारा मालकच डोक्यावर बसलेलं भूत असतो.

मेल्यावरही न सुटणारी जात

महाराष्ट्रातली गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि ती सिनेमात नाही, भुतांत आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या भुतांची यादी कुणा आजीकडून ऐकली तर लक्षात येतं, की तिकडेही वस्त्या वेगळ्या आहेत. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेलेला ब्राह्मणाचा मुलगा, पिंपळावर राहणारा. ब्रह्मसमंध हेही ब्राह्मणाचं भूत, बहुतेकदा ठेव्यावर जीव अडकलेलं. देवचार हे शूद्राचं. खवीस हे बिगरहिंदूचं, बहुतेक वेळा मुसलमानाचं. खवीस हा शब्दच मुळात अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट यावरून आलेला. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते.

स्वभावही ठरलेले. मुंजा त्रास देतो, पण पोरकट. समंधाला विधी करून शांत करता येतं. खवीस आडदांड, त्याच्याशी बोलणं नाही. जिवंतपणी ज्याची जशी पत, तशीच मेल्यावर. ही यादी काही कुणी वर्णद्वेष पसरवायला केलेली नाही. रात्रीच्या गप्पांत ती आपोआप तयार झाली, म्हणूनच ती जास्त बोलकी आहे. कल्पनेला सगळं मोकळं असतानाही माणसाने जातीची उतरंडच कल्पिली.

फुल्यांनी तीच गोष्ट उलटी वाचली

या गोष्टींकडे पहिल्यांदा संशयाने बघणाऱ्यांत महात्मा फुल्यांचं नाव घ्यावं लागतं. १८७३ मध्ये त्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. आत धोंडिबा नावाचा माणूस प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरं देतात. विषय दशावतार.

अवतारांच्या गोष्टी म्हणजे शुद्ध अद्भुतकथा. मासा, कासव, डुक्कर, अर्धा माणूस अर्धा सिंह, तीन पावलांत जग व्यापणारा बटू. फुले प्रत्येक चमत्कार काढून बाजूला ठेवतात आणि विचारतात, यात प्रत्यक्ष कुणी कुणाला मारलं? त्यांच्या वाचनात मत्स्य म्हणजे समुद्रमार्गे आलेली टोळी. नृसिंह म्हणजे सिंहाचं सोंग घेऊन खांबाआड लपलेला मारेकरी. वामनाने पाताळात घातलेला बळी म्हणजे इथला न्यायी राजा. राक्षस हे तर राखण करणारे. पुरावा म्हणून ते घराघरातली चाल दाखवतात : दसरा-दिवाळीला बायका ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. ज्याला देवाने गाडलं तो दुष्ट होता, तर त्याचं राज्य परत यावं असं कोण कशाला म्हणेल?

इतिहास म्हणून फुल्यांची ही मांडणी आज टिकत नाही. आर्य वंशाच्या ज्या सिद्धान्ताचा त्यांनी आधार घेतला तो पुढे आंबेडकरांनीच नाकारला हे वर आलंच. पण वाचनाची पद्धत म्हणून ती आजही ताजी आहे. गोष्ट कुणी सांगितली, तिच्यात कुरूप कोण दाखवलं, मेल्यावर कुणासाठी कुणी रडलं नाही. अमेरिकेतल्या लेखकांनी ऑर्क आणि किंग काँगबद्दल हे प्रश्न विचारायच्या कितीतरी आधी पुण्यात एका माळ्याच्या मुलाने ते नृसिंहाबद्दल विचारले होते.

अमेरिकेशी हा धागा पुढेही राहिला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती तिकडच्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन. मार्व्हलचा 'ब्लॅक पँथर' हा सुपरहिरो १९६६ च्या जुलैमध्ये कॉमिकमध्ये आला आणि पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघाला. म्हणजे हिरो आधीचा. २०१८ ला त्याच्यावरचा सिनेमा भारतात आला तेव्हा जबारी टोळीच्या सरदाराच्या तोंडचा 'हनुमान' हा शब्द सेन्सॉरने ऐकू येऊ दिला नाही. गंमत म्हणजे कॉमिकमध्ये या सरदाराचं टोपणनाव 'मॅन-एप' म्हणजे वानरमानव होतं. कृष्णवर्णीयांना माकड म्हणण्याचा इतिहास आठवून सिनेमावाल्यांनी ते आधीच गाळलं होतं.

मराठी सिनेमा इथे गप्प का?

मराठीत अद्भुत नाही असं नाही. १९९३ चा 'झपाटलेला' आणि रामदास पाध्यांच्या हातचा तात्या विंचू आजही मुलांना पाठ आहे. नारायण धारपांच्या भयकथांवर दोन पिढ्या वाढल्या. पण भूत म्हटलं की मराठी सिनेमा बहुतेक वेळा विनोदाकडे वळतो आणि जात म्हटलं की वास्तववादाकडे. दोन रस्ते क्वचित भेटतात. पैसा हे एक कारण आहे, लांडगा पडद्यावर आणायला खर्च येतो. पण 'ब्रमयुगम'ला लांडगा लागला नव्हता.

नागराज मंजुळेंचा 'फॅन्ड्री' (२०१४) या दोन रस्त्यांच्या सगळ्यात जवळ जातो. कैकाडी समाजातला जब्या शालूच्या प्रेमात आहे. काळी चिमणी मारून तिची राख शालूवर टाकली की ती वश होते, असं त्याला कळतं, म्हणून तो सिनेमाभर गलोल घेऊन त्या चिमणीमागे फिरतो. मुलाच्या डोक्यात हा खराखुरा जादूचा सिनेमा चाललाय. बाहेर गावात त्याच्या घरच्यांना डुकरं पकडायला लावतायत, आणि शालू ते बघून हसते. शेवटी त्याच्या हातात उरतो तो दगड. त्याचं पूर्ण नाव जांबुवंत, रामाच्या सैन्यातल्या अस्वलाचं.

केरळने मधल्या काळात आणखी एक पाऊल टाकलं. २०२५ च्या 'लोका' मध्ये लोककथेतली कुप्रसिद्ध यक्षी, कल्लियांकाट्टु नीली, आजच्या बंगळुरूमध्ये भाड्याच्या घरात राहते. जुन्या गोष्टीत ती रक्त पिणारी, पुरुषांना भुलवणारी आणि शेवटी एका धर्मगुरूने वठणीवर आणलेली. सिनेमा तिच्या मागे जाऊन दाखवतो की ती आदिवासी मुलगी होती आणि राजाच्या माणसांनी तिची माणसं मारली होती. प्रेक्षकांनी तो सिनेमा प्रचंड चालवला.

आपल्याकडे खवीस अजून आडदांडच आहे. तो कोण होता, कुठल्या गावचा, आणि गावाच्या वेशीबाहेर कसा मेला, हे मराठी पडद्याने त्याला फारसं विचारलेलं नाही.